ग्रीक म्हणी वाचताना: नफा, लाज आणि देवांची शिक्षा

सुरुवात सुट्या म्हणींच्या यादीने करू नका. प्राचीन ग्रीक कवी हेसिओडच्या ‘कामे आणि दिवस’ या काव्यातल्या 317 ते 326 या दहा ओळी आधी सलग वाचा. नफा मनाला फसवतो, निर्लज्जपणा लाजेला हुसकावतो, मग देव त्या माणसाचं घर सहज खालावतात, असा क्रम तिथे स्पष्ट दिसतो.

नवखे अडखळतात ते ‘आइदोस’वर, म्हणजे या ओळींत लाजेसाठी आलेल्या ग्रीक शब्दावर. त्याला नुसतं ‘लाज’ म्हटलं की भीड आणि आदर दोन्ही निसटतात. शिवाय हेसिओड सांगतो की ती माणसाचं भलंही करते आणि नुकसानही. गरजवंताला तर ती परवडत नाही. हा भाग गाळून म्हण उद्धृत करणं मला खरंच खटकतं.

नंतर ओळ 352 घ्या: वाईट नफा म्हणजे ‘आते’. या शब्दात बुद्धिभ्रंश आणि त्यातून येणारा नाश दोन्ही आले. इथे ‘विनाशकाले विपरीत बुद्धी’ चिकटवायचा मोह होतो, टाळा. आपल्याकडे नाशाची वेळ आली की बुद्धी फिरते. हेसिओडकडे आधी नफाच बुद्धी फिरवतो.