वाचकांचे प्रश्न : वहीत न उतरलेली माणसे

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाला सत्तर वर्षे होऊन गेली. स्वतःची वास्तू आहे, तीत वाचनालय आहे आणि ते सायंकाळी पाच ते आठ या वेळेत उघडे असते. कचेरीतून परतणाऱ्या नोकरदारांसाठी ही वेळ कधीकाळी ठरली होती. हल्ली त्या वेळी चार-पाच ज्येष्ठ सभासदांखेरीज कोणी फिरकत नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले मात्र सकाळी बसायला जागा मिळेल का, असे विचारतात आणि परत जातात. वेळ बदलण्याचा विषय दोन वर्षांत चार वेळा कार्यकारिणीपुढे आला आणि चारही वेळा ‘पुढील सभेत विचार व्हावा’ अशी नोंद होऊन मिटला. याच कार्यकारिणीने गणेशोत्सवाचा सगळा खर्च पंधरा मिनिटांत मंजूर केला. संस्था निर्णय घेते म्हणजे नेमके कोण घेते, आणि बदलणे तिला इतके जड का जाते?
– एक कोषाध्यक्ष, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : गणेशोत्सवाचा निर्णय पंधरा मिनिटांत झाला, कारण तो त्या सभेत घ्यावाच लागला नाही. मांडव कोणाकडून घालायचा, वर्गणी किती ठेवायची, आरतीच्या पाळ्या कशा लावायच्या, हे मागील वर्षांच्या फायलीत आधीच ठरलेले होते. सभेने आकडे थोडे वाढवले आणि संमती दिली. रिचर्ड सायर्ट आणि जेम्स मार्च या अमेरिकी अभ्यासकांनी १९६३ मध्ये व्यवसायसंस्थांविषयी जी मांडणी केली, तिच्यात या गोष्टीला मध्यवर्ती स्थान आहे. संस्था बहुतेक वेळा पर्यायांची तुलना करीत बसत नाही, रुळलेली कार्यपद्धती वापरते. आणि नवा मार्ग ती तेव्हाच शोधू लागते, जेव्हा तिने स्वतःसाठी मानलेल्या एखाद्या पातळीच्या खाली काहीतरी घसरल्याचे तिला दिसते. शोधही प्रथम जिथे दुखते आहे तिथेच, आसपास, होतो.

आता आपल्या मंडळात काय घसरल्याचे दिसते, ते पाहा. आपण कोषाध्यक्ष आहात, म्हणून आपल्यासमोर वर्गणीची वही असणार. ज्येष्ठ सभासद वर्गणी नियमाने भरतात, तेव्हा त्या वहीत काही बिघडलेले नाही. पुस्तकांच्या देवघेवीची नोंदवही असली, तर तीत सभासदांचीच नावे असतील. सकाळी दारापर्यंत येऊन परत गेलेला मुलगा कोणत्या वहीत येतो? बहुधा कोणत्याच नाही. जे नोंदले जात नाही, त्याची उणीव संस्थेला भासत नाही, मग कार्यकारिणीतील माणसे व्यक्तिशः कितीही संवेदनशील असोत. चार वेळा विषय पुढे ढकलणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांवर आळसाचा किंवा हेकटपणाचा आरोप करण्याआधी याचा विचार व्हावा, असे मला वाटते.

दुसरे कारण हर्बर्ट सायमन यांच्या एका जुन्या अनुभवावरून समजेल. पुढे १९७८ मध्ये ज्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते सायमन १९३५ मध्ये विद्यार्थी होते आणि आपल्या मिलवॉकी या गावी मुलांच्या क्रीडांगणांचा कारभार कसा चालतो, हे पाहायला गेले होते. क्रीडांगणांची देखभाल नगराच्या बांधकाम खात्याकडे होती, तर तेथील खेळ व उपक्रम शाळा मंडळाकडे. उपलब्ध पैसा देखभालीवर किती आणि खेळ घेणाऱ्या माणसांवर किती खर्च करावा, यावर दोघांचे कायम वाजत असे. पुस्तकी अर्थशास्त्राप्रमाणे एका बाजूचा जादा रुपया दुसऱ्या बाजूच्या जादा रुपयाशी ताडून पाहायला हवा होता (तिथे डॉलर म्हणू). तसे कोणी करीत नव्हते. प्रत्येक जण आपल्या खात्याच्या नजरेतून क्रीडांगण पाहत होता. माणसाची माहिती, वेळ आणि हिशेब करण्याची शक्ती मर्यादित असते, त्यामुळे तो सर्वोत्तम पर्यायापर्यंत न जाता पुरेसा वाटणाऱ्या पहिल्या पर्यायापाशी थांबतो, आणि ‘पुरेसे’ म्हणजे काय हे त्याचे खाते त्याला शिकवते, हा सायमन यांच्या पुढील लिखाणाचा गाभा आहे. आपल्या कार्यकारिणीतही सभागृहाची व्यवस्था पाहणारे, ग्रंथपाल आणि आपण स्वतः अशी तीन क्रीडांगणे असण्याचा संभव आहे. सकाळी वास्तू उघडायची म्हणजे एकाला झाडलोट दिसते, दुसऱ्याला पुस्तकांची सुरक्षितता दिसते, आणि वीजबिल कोणाला दिसते हे मी आपल्याला सांगायला नको.

कोहेन, वर आलेलेच मार्च आणि ओल्सन या अभ्यासकांनी १९७२ मध्ये विद्यापीठांच्या कारभाराचा विचार करताना कचराकुंडीची उपमा वापरली. प्रश्न, उपाय, माणसे आणि निर्णयाचे प्रसंग हे आपापल्या गतीने कुंडीत येऊन पडतात आणि जे योगायोगाने एकत्र सापडते त्याचा निर्णय होतो, असे त्यांचे म्हणणे. उपमा थोडी तिखट आहे, तरी मंडळांच्या सभांना बसलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. ‘संगणक घेऊन टाका’ हा उपाय खिशात घेऊन येणारे सभासद प्रत्येक संस्थेत असतात. विषय गळक्या गच्चीचा असला तरी त्यांचा उपाय तोच.

बदल जड का जातो, याचे सर्वांत पटणारे उत्तर मला मार्च यांच्याच १९९१ च्या विवेचनात सापडले. रुळलेल्या पद्धतीचा लाभ जवळचा, निश्चित आणि मोजता येणारा असतो, तर नव्या वाटेचा लाभ दूरचा आणि अनिश्चित असतो. त्यामुळे संस्था अनुभवातून जितकी ‘शिकते’ तितकी ती जुन्याच कामात तरबेज होत जाते. संध्याकाळचे वाचनालय आपल्या लोकांना उत्तम चालवता येते, हीच अडचण आहे.

यातून मार्ग काढताना आपल्याच शहराच्या इतिहासाकडे पाहावे. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण एकदम सबंध बडोदे संस्थानात लागू केले नाही. १८९३ मध्ये अमरेली भागात मर्यादित क्षेत्रात प्रयोग सुरू झाला आणि सबंध संस्थानाला सक्ती लागू झाली ती १९०६ मध्ये. मधली तेरा वर्षे काहींना दिरंगाई वाटेल. पण सक्ती म्हटली की शाळेत जाण्याच्या वयाची मुले किती, त्यांपैकी येत नाहीत ती कोणती, हे लिहून ठेवल्यावाचून गत्यंतर नसते. एरवी शाळेच्या हजेरीपटावर आलेलेच मूल असते. न आलेल्या मुलाला कागदावर जागा मिळाली की त्याची अनुपस्थिती हा दरबाराच्या कारभाराचा विषय होतो. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. विधेयक मात्र १९१२ मध्ये फेटाळले गेले. चांगले उदाहरण समोर असणे आणि ते स्वीकारण्याची इच्छा असणे या निराळ्या गोष्टी आहेत. महाराजांपाशी हुकूम काढण्याची सत्ता होती, आपल्यापाशी ती नाही, हेही विसरू नये.

ग्रंथालयांच्या बाबतीत तर आपला वारसा आणखी जवळचा आहे. १९१० मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्यात पाचारण करण्यात आले. त्यांनी पुस्तकांचे वर्गीकरण करताना ड्यूई आणि कटर या अमेरिकी ग्रंथपालांच्या पद्धतींची सांगड घालून बडोद्यापुरती वेगळी पद्धत बसवली, आणि ज्या गावांना ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. शहरातील इमारतीपर्यंत जो वाचक येऊ शकत नव्हता, तो या व्यवस्थेने हिशेबात धरला.

म्हणून माझी सूचना अशी की, पाचव्यांदा वेळबदलाचा ठराव मांडू नये. त्याऐवजी दारापाशी एक साधी वही ठेवण्यास मंजुरी घ्यावी, आणि कोणी किती वाजता येऊन काय विचारले, हे तीन महिने पहारेकऱ्याकडून लिहून घ्यावे. या मागणीला विरोध करणे कोणालाही अवघड आहे, कारण तिच्यात कोणाची संध्याकाळ जात नाही. ती वही सभेत वाचून झाल्यावर सहा महिन्यांपुरता सकाळी दोन तास वाचनालय उघडण्याचा प्रस्ताव मांडावा, आणि त्याच ठरावात कारण, प्रयोग संपण्याची तारीख व कोणता आकडा पाहून तो चालू ठेवायचा की बंद करायचा, हे लिहावे. पाच ते आठ ही वेळ कोणासाठी ठरली होती, हे आपल्याला माहीत आहे. पण ते मूळ ठरावात लिहिलेले आहे का, हे एकदा पाहा. नसेल, तर पुढच्या पिढीला आपल्याही ठरावाचे कारण असेच अंदाजाने सांगावे लागेल.

ज्येष्ठ सभासदांची संध्याकाळ मात्र काढून घेऊ नका. ती वर्गणीच्या वहीत आहे.

प्रश्न : मकरपुऱ्यात माझा लहान कारखाना आहे. तीस वर्षे काम केलेले फोरमन दिवाळीनंतर निवृत्त होत आहेत. मुलगा म्हणतो, त्यांची कामाची पद्धत आत्ताच लिहून घेऊ. ते म्हणतात, ‘लिहिण्यासारखे काही नाही.’ काय करावे?
– एक लघुउद्योजक, वडोदरा

उत्तर : फोरमन खोटे बोलत नाहीत. नेहमीचे काम त्यांच्या हातात आहे, आणि हाताला विचारून फारसे काही कळत नाही. त्यांना पद्धत विचारू नका, अपवाद विचारा : कोणत्या गिऱ्हाईकाचा माल परत आला होता, कोणते यंत्र पावसाळ्यात त्रास देते, कोणाकडील पोलाद त्यांनी घेणे बंद केले आणि का. मुलाने वही घेऊन त्यांच्यासमोर बसण्यापेक्षा काम बिघडेल त्या क्षणी त्यांच्या शेजारी उभे राहावे आणि त्यांनी प्रथम कशाला हात लावला, तेवढेच टिपावे. दिवाळीपर्यंत बिघाड पुरेसे होतील.