जुना ट्यूबा घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ट्रॉम्बोन वाजवतो. आमच्या कॉन्सर्ट बँडमध्ये खर्ज धरायला कोणी नाही, म्हणून ट्यूबा, म्हणजे खर्जाचं मोठं पितळी फुंकवाद्य, शिकायचं ठरवलं आहे. वापरलेल्या वाद्यांत बीबी-फ्लॅट, सी, ई-फ्लॅट, एफ असे चार प्रकार दिसतात. कुठला घ्यावा? तीन व्हॉल्व्हचा (सूर उतरवणाऱ्या तीन खटक्यांचा) फारच स्वस्त मिळतोय, तो चालेल का?

उत्तर : बीबी-फ्लॅट घ्या, आणि चार व्हॉल्व्हचा घ्या.

एकही व्हॉल्व्ह न दाबता वाद्य ज्या सुरांत बोलतं ती त्याची पट्टी. बीबी-फ्लॅट म्हणजे खर्जातला बी-फ्लॅट. पेटीवर बी-फ्लॅट म्हणजे काळी पाच, सी म्हणजे पांढरी एक, ई-फ्लॅट काळी दोन आणि एफ पांढरी चार. बीबी-फ्लॅटची नळी उलगडली तर सुमारे साडेपाच मीटर भरते, सीची ४.९, ई-फ्लॅटची ४ आणि एफची ३.७. व्हिप्रेख्त आणि मोरिट्झ यांनी १८३५ साली प्रशियात ज्या ट्यूबाचं पेटंट घेतलं तो एफचाच होता, पण कॉन्सर्ट बँडचा पाया आज बहुतेक ठिकाणी बीबी-फ्लॅटवर उभा असतो.

तुमच्यासाठी तर तो फारच सोयीचा. तुमच्या ट्रॉम्बोनच्या बरोबर एक सप्तक खाली तो बोलतो, आणि कॉन्सर्ट बँडमधला ट्यूबाचा भाग बेस क्लेफमध्येच (खर्जाच्या सुरांच्या स्वरलिपीत), जसा ऐकू येतो तसा लिहिलेला असतो. ट्रॉम्बोनची पहिली पोझिशन म्हणजे मोकळा ट्यूबा, दुसरी म्हणजे २ नंबरचा व्हॉल्व्ह, तिसरी म्हणजे १, चौथी १-२ (दोन्ही एकत्र), पाचवी २-३, सहावी १-३ आणि सातवी १-२-३. बोटं आठवड्याभरात बसतील. श्वासाला मात्र वेळ द्यावा लागेल.

आता चौथा व्हॉल्व्ह. पहिला व्हॉल्व्ह सूर दोन अर्धस्वरांनी उतरवतो, दुसरा एकाने, तिसरा तिनाने. प्रत्येकाची जादा नळी मोकळ्या वाद्याच्या लांबीवर बेतलेली असते. दोन-तीन व्हॉल्व्ह एकत्र दाबले की वाद्य आधीच लांब झालेलं असतं, त्या मानाने जोडलेली नळी आखूड पडते आणि सूर चढतो. हिशोबाने १-३ वर हा चढ सुमारे ३० सेंट (एक सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), १-२-३ वर ५० सेंटच्याही वर, म्हणजे जवळजवळ पाव स्वर. पाच रेषांच्या खाली दुसऱ्या जोडरेषेवरचा सी आणि त्याखालचा बी, दोन्ही इथेच अडकतात. चौथा व्हॉल्व्ह एकटाच पाच अर्धस्वर उतरवतो, म्हणून सी ४ वर आणि बी २-४ वर घेता येतो. शिवाय तीन व्हॉल्व्हच्या बीबी-फ्लॅटवर सगळ्यात खालचा नेमका सूर ई. त्याखालचा ई-फ्लॅट बँडच्या लिखाणात वरचेवर येतो आणि तीन व्हॉल्व्हवर त्याला बोटच नाही.

लहान मुलासाठी घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. यामाहा वायबीबी-१०५ सारखा तीन व्हॉल्व्हचा, आटोपशीर ट्यूबा त्याच्या हाताला आणि मांडीला झेपतो. पूर्ण मापाचं वाद्य ८ ते ११ किलोंचं असतं.

प्रश्न : विकणाऱ्याकडे जाऊन वाद्य बघायला अर्धा तास मिळणार आहे. त्यात काय काय तपासू? लॅकर (पितळेवरचा चकाकता थर) बरंच उडालेलं आहे आणि पोचेही दिसतात.

उत्तर : लॅकरकडे बघूच नका. चकाकणारा पण व्हॉल्व्ह झिजलेला ट्यूबा घेण्यापेक्षा पोचे पडलेला, काळवंडलेला पण घट्ट व्हॉल्व्हचा ट्यूबा शंभर वेळा घ्यावा. पोचा काढता येतो. व्हॉल्व्ह पुन्हा प्लेटिंग करून, घासून बसवायचं काम मात्र जुन्या वाद्याच्या किमतीला सहज गाठतं.

सोबत न्या : पिस्टनचं (व्हॉल्व्हमध्ये वर-खाली जाणाऱ्या दट्ट्याचं) तेल, स्लाइडचं (आत-बाहेर सरकणाऱ्या नळ्यांचं) ग्रीस, जुना पंचा, छोटी टॉर्च, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा बारीक आरसा, ट्यूनर आणि जमलं तर आपल्या विश्वासातला माउथपीस.

सुरुवात तेलाने करा. कोरडा पिस्टन हवा सोडतो आणि चांगल्या वाद्याची उगाच बदनामी होते. एकेक पिस्टन बाहेर काढून उजेडात धरा. निकेलचा थर सलग, करडा-पांढरा दिसला पाहिजे. उभ्या पिवळ्या किंवा लालसर पट्ट्या दिसल्या तर थर झिजून आतला धातू वर आला आहे. मोनेल नावाच्या मिश्रधातूच्या पिस्टनवर थर नसतोच, तो सगळीकडे एकसारखा करडा दिसतो, त्याला झीज समजू नका. परत बसवताना पिस्टनवरचा नंबर बघूनच बसवा. १ च्या जागी ३ गेला किंवा पिस्टन आपल्या खाचेत न बसता फिरलेला राहिला तर हवा अडते आणि वाद्य मुकं होतं. ‘बिघडलेला’ म्हणून कवडीमोलाने विकला जाणारा ट्यूबा कधी कधी एवढ्याच कारणाने गप्प असतो.

मग दाबाची परीक्षा. एका व्हॉल्व्हच्या स्लाइडला ग्रीस लावून ती पूर्ण आत ढकला. व्हॉल्व्ह न दाबता ती स्लाइड तीन-चार सेंटीमीटर बाहेर ओढा, मनात पाच आकडे मोजा आणि मग तोच व्हॉल्व्ह दाबा. बाटलीचं बूच निघाल्यासारखा ‘पॉक’ आवाज आला तर व्हॉल्व्ह घट्ट आहे. नुसती फुस्स हवा आली किंवा काहीच ऐकू आलं नाही, तर हवा आधीच आत शिरली. ही परीक्षा चारही व्हॉल्व्हवर घ्या. चारपैकी एक जरा कमी बोलला तर चालेल, चारही मुके असतील तर वाद्य सोडून द्या.

आता आरसा. दुसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड पूर्ण काढून बाजूला ठेवा, व्हॉल्व्ह दाबून धरा आणि टॉर्च मारून नळीच्या तोंडातून आत बघा. पिस्टनचं भोक आणि नळीचं भोक एकावर एक बसलेलं दिसलं पाहिजे. कडेला धातूची चंद्रकोर दिसली तर व्हॉल्व्ह गरजेपेक्षा वर किंवा खाली थांबतोय. याला बहुतेक वेळा दबलेलं फेल्ट (व्हॉल्व्हला थांबवणारी मऊ चकती) कारणीभूत असतं. फेल्ट बदलणं स्वस्तातलं काम आहे, त्यामुळे चंद्रकोर दिसली म्हणून वाद्य नाकारू नका. उलट, दुरुस्तीनंतर ते आज वाजतंय त्याहून मोकळं वाजेल.

पोच्यांच्या बाबतीत जागा बघायची. बेलच्या (वाद्याच्या कर्ण्यासारख्या तोंडाच्या) कडेची दुमड डोळ्यांना टोचते, सुराला नाही. तळाच्या वळणावर, जिथे वाद्य मांडीवर किंवा खुर्चीवर टेकतं, तिथे उथळ पोचे असणारच. पण माउथपीसपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या नळीवरचा पोचा वाईट, कारण नळी तिथे सगळ्यात अरुंद असते. आणि व्हॉल्व्हच्या कवचावर पोचा असेल व त्यामुळे पिस्टन अडकत असेल तर तो सौदा तिथेच संपवा.

माउथपीसपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या त्याच पुढच्या नळीवर उजेड तिरपा पाडून गुलाबी ठिपके शोधा. पितळातलं जस्त आतून निघून गेलं की मागे भुसभुशीत तांबं उरतं. बाहेर वाटोळा गुलाबी डाग आणि मधोमध काळपट बिंदू असेल तर नळी आतून खाल्ली गेली आहे, लवकरच भोक पडेल. लॅकर उडून आलेला तपकिरी रंग वेगळा, तो निरुपद्रवी. गुलाबी डाग फक्त या एका नळीवर असतील तर ती बदलून मिळते, तेवढी किंमत कमी करून घ्या. वळणांवरही असतील तर नको.

प्रत्येक स्लाइड हलते का ते बघा. अडकलेली स्लाइड विकणाऱ्यासमोर जोर लावून ओढू नका, जोड सुटतो. विशेषतः पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड वाजवता वाजवता डाव्या हाताने सरकली पाहिजे, चढलेले सूर तिनेच उतरवायचे असतात.

वाजवून बघणं शेवटी. दहा मिनिटं वाजवून वाद्य तापू द्या. मुख्य स्लाइडने बी-फ्लॅट जुळवा, मग ट्यूनर दुसऱ्याच्या हातात द्या. स्वतः काटा बघत वाजवलं की ओठ नकळत सूर सावरून घेतात आणि वाद्याचा दोष झाकला जातो. जुळलेल्या अवस्थेत मुख्य स्लाइड दोन-तीन सेंटीमीटर बाहेर असावी. पूर्ण आत ढकलूनही वाद्य उतरलेलंच राहत असेल तर नळी कापल्याशिवाय इलाज नाही. मोकळ्यावर घेतलेला मधला डी थोडा उतरणारच, निसर्गतः तो १४ सेंट खाली असतो. फारच उतरला तर १-२ वर घेऊन बघा.

माउथपीस बसवल्यावर हलतो का तेही पाहा. दांड्याची जाडी सगळीकडे सारखी नसते : अमेरिकन माप, त्याहून जाड युरोपियन माप, आणि जुन्या इंग्रजी वाद्यांचं बारीक माप. न बसणाऱ्या माउथपीसवर वाद्याची परीक्षा घेऊ नका.

प्रश्न : रोटरी (फिरत्या व्हॉल्व्हचा) घ्यावा की पिस्टन? मला एक जुना मिराफोन १८६ मिळतोय.

उत्तर : दोन्ही चांगले. रोटरीचा खटका कमी अंतर जातो, सुरांची जोडणी गुळगुळीत होते. पिस्टन घरी उघडून पुसता येतो, रोटर मात्र शिकलेल्या माणसानेच उघडावा. १८६ हा चार रोटरचा जर्मन ट्यूबा फार वर्षं बनतो आहे, त्याचे सुटे भाग मिळतात. पण तो बीबी-फ्लॅट आणि सी अशा दोन्ही पट्ट्यांत निघाला आहे, त्यामुळे पैसे देण्याआधी मोकळा सूर ट्यूनरवर बघाच.

रोटरच्या मागचं झाकण हाताने फिरवून काढा. आत रोटरच्या टोकावर आणि त्याच्या बैठकीवर बारीक खुणा दिसतील. खटका सोडलेला असताना एक जोडी आणि दाबल्यावर दुसरी जोडी नेमकी समोरासमोर आली पाहिजे. नाही आली तर बूच किंवा रबर झिजलंय, ते सोपं आहे. मग रोटरचा दांडा चिमटीत धरून आडवा हलवा. तो कडकड वाजत हलला तर बैठक झिजली आहे, ते सोपं नाही. फक्त खटक्यांच्या सांध्यातून टकटक येत असेल तर घाबरू नका, तेलाचा एक थेंब किंवा नवा सांधा पुरतो.

प्रश्न : चार व्हॉल्व्हचा, भरपाईच्या नळ्या असलेला जुना इंग्रजी ई-फ्लॅट ट्यूबा स्वस्तात आहे. व्हॉल्व्ह छान आहेत, पण सगळे सूर चढे लागतात. मुख्य स्लाइड ओढून जमेल?

उत्तर : तो बहुधा ‘हाय पिच’चा आहे. ब्रिटनमधले ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत ‘ए’ हा जुळवणीचा सूर ४५२.५ हर्ट्झच्या आसपास धरून वाजत. आजच्या ४४० पेक्षा हे सुमारे ४८ सेंट वर. चार मीटरच्या नळीला ११ सेंटीमीटरहून जास्त लांबी हवी, म्हणजे मुख्य स्लाइडची दोन्ही टोकं साडेपाच-सहा सेंटीमीटर बाहेर. तेवढी स्लाइड निघत असेल तरी काम संपत नाही. पहिली स्लाइड सुमारे ७ मिलिमीटर, दुसरी ३-४, तिसरी ११, चौथी १९ मिलिमीटर ओढावी लागेल, आणि भरपाईच्या छोट्या नळ्याही त्याच प्रमाणात आखूड असतात. कुणी आधीच लांब स्लाइड बसवून वाद्य ४४० वर आणलं असेल तर व्हॉल्व्हच्या स्लाइडही बदलल्यात का ते विचारा. नुसती मुख्य स्लाइड बदललेलं वाद्य मोकळ्या सुरांवर जुळतं आणि १-२ दाबलं की पुन्हा चढतं.

४४० चा असता तर आम्ही घ्या म्हटलं असतं. १८७४ साली ब्लेकली यांनी पेटंट घेतलेली ही भरपाईची रचना खर्जाला फार प्रामाणिक आहे : चौथा व्हॉल्व्ह दाबला की हवा पुन्हा व्हॉल्व्हमधून फिरून जादा नळ्यांतून जाते आणि चढलेला सूर जागेवर येतो. वाद्य वजनदार होतं एवढंच.

प्रश्न : वाद्य दूरवरून पार्सलने येणार आहे, आधी बघता येणार नाही. काय मागावं?

उत्तर : एक सलग व्हिडिओ मागा, ज्यात वर सांगितलेली ‘पॉक’ची परीक्षा चारही व्हॉल्व्हवर होते आणि प्रत्येक स्लाइड निघून परत बसते. चारही पिस्टनचे उजेडातले फोटो, पुढच्या नळीचा जवळचा फोटो, सिरीयल नंबर. नंबर खरवडलेला असेल तर घेऊ नका. शाळेचं किंवा बँडचं नाव कोरलेलं असेल तर त्यांनी वाद्य रीतसर विकल्याचा कागद मागा. पाठवताना कडक केसमध्येही बेलच्या आत आणि वळणांच्या मध्ये मऊ भरण हवं, आणि केसबाहेर दुसरं खोकं. माउथपीस वेगळा गुंडाळलेला असावा. केसमध्ये सुटा राहिला तर तोच वाटेत वाद्याला पोचे पाडतो.

घरी आल्यावर पिस्टनच्या वाद्याला कोमट पाणी आणि भांडी घासायच्या पातळ साबणाने आंघोळ घाला. पाणी कढत नको, लॅकर सुटतं. पिस्टन आणि फेल्ट आधी काढून ठेवा, लवचिक ब्रश प्रत्येक नळीतून फिरवा, आणि पुढच्या नळीतून निघणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबू नका.