जर्मनीला निघताना उपचार थांबवायचे का?

ताई, तुमचं वय ३६, नाशिकला आयव्हीएफच्या (शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याच्या उपचाराच्या) दोन सायकल, म्हणजे फेऱ्या, वाया गेल्या, तीन भ्रूण गोठवून ठेवलेत आणि यजमानांना स्टुटगार्टला नोकरी लागली. तुम्ही विचारलंय, आता थांबून तिकडे स्थिरस्थावर झाल्यावर पुन्हा सुरू केलं तर चालेल का? मी अमळनेरची, नऊ वर्षं झाली इथे. निघताना आम्हीही ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणालो होतो. त्यात चार वर्षं गेली.

आधी घर मिळेना. मग भाषेचा क्लास, मग यांचं सहा महिन्यांचं प्रोबेशन, त्यात सुट्टी मागायची हिंमत होईना. उपचार सोडायचे असं आम्ही कधी ठरवलंच नाही, ते सुटले. २०१२ साली आठ देशांतल्या २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, रुग्ण एकवीस हजारांवर. लोक मूल राहण्याआधीच उपचार का सोडतात, तर सगळ्यात वरचं कारण ‘पुढे ढकलणं’. त्याखाली शरीरामनाची दमछाक, मग आपसातले आणि घरचे प्रश्न.

पैसा आपल्याकडे मोठं कारण आहेच. पण इथे सरकारी आरोग्य विमा विवाहित जोडप्याला तीन प्रयत्नांपर्यंत निम्मा खर्च देतो, तरीही माणसं थांबतात. (दोघांचं वय किमान २५, बायको चाळिशीच्या आत, नवरा पन्नाशीच्या आत, आणि उपचाराचा आराखडा सुरू करण्याआधी मंजूर झालेला हवा.) तुमच्या हातात चारच वर्षं आहेत.

दमछाक तुम्हाला मी काय सांगणार! इंजेक्शनांचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन धुळ्यावरून नाशिकची एसटी, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, आणि भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर निकालाची वाट बघायचे ते पंधरा दिवस. परत आलं की गल्लीतली काकू विचारणार, “काही शे का नवीन?” मायेनंच विचारायची, पण मी मागच्या दाराने जायला लागले. हे गप्प झाले. पुढे क्लिनिकला मी एकटीच जायचे, आणि त्या गप्प राहण्याचा मला सुईपेक्षा जास्त त्रास झाला. इथे क्लिनिकमध्ये समुपदेशक दोघांना एकत्र बसवतात. आम्ही खरं बोललो ते तिथे, पहिल्यांदा.

मी ३९ची असताना इथे एक सायकल केली, तीही गेली. मग दोघांनी बसून थांबायचं ठरवलं. त्याचा मला पश्चात्ताप नाही. त्या चार वर्षांचा आहे.

म्हणून तिकीट काढण्याआधी दोघंच बसा, सासूबाई-सासऱ्यांना नंतर सांगा. पुढे जायचं ठरलं तर ते तीन भ्रूण नाशिकलाच गर्भाशयात सोडून घ्या. लागलं तर यजमानांना पुढे पाठवा आणि तुम्ही दोन-तीन महिन्यांनी या. कारण भारतातल्या अशा उपचारांवरच्या २०२१च्या कायद्याप्रमाणे स्वतःचे भ्रूणसुद्धा त्याखालच्या राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. आणखी एक, डॉक्टरांनी कधी दात्या स्त्रीच्या बीजाबद्दल सुचवलं असेल, तर जर्मनीत ते १९९१पासून कायद्याने बंद आहे.

थांबायचं ठरलं तर तेही तारीख घालून ठरवा: कायमचं की अमुक महिन्यापर्यंत. आणि काही झालं तरी फाइल नाशिकला ठेवू नका. एएमएच (बीजसाठा किती उरलाय याची रक्ततपासणी), सोनोग्राफी, दोन्ही सायकलींतली औषधं, मात्रा, किती बीजं मिळाली, सगळं लेखी घेऊन या. माझी फाइल तिकडेच राहिली होती, आणि इथे सगळ्या तपासण्या पहिल्यापासून कराव्या लागल्या.