महापालिकेच्या शाळांसाठी मालमत्ता कर वाढवणं योग्य आहे का? माझी मुलं तर खासगी शाळेत जातात.

हो, योग्य आहे. भरा.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की बिलात शिक्षण कर आधीच लागतो, वर खासगी शाळेची फी भरता, म्हणून या वाढीवर हरकत नोंदवायचा विचार आहे. शिक्षण कराचं पुढे सांगते. आधी ‘माझी मुलं तिथे जात नाहीत’ याबद्दल. महापालिकेच्या शाळेत नोकरी केली तेव्हा हे वाक्य ऐकलं, निवृत्त झाले तरी ऐकते आहे. माझे धाकटे दीर तर चार माणसं जमली की हाच विषय काढतात.

मी सहावी-सातवीला गणित शिकवायचे. आमच्या शाळेला मुलींचं वेगळं स्वच्छतागृह होतं, पण त्याला पाणी नव्हतं. गच्चीवरची टाकी तडकलेली होती. हजेरी सकाळी व्हायची, मधल्या सुट्टीत खिचडी व्हायची आणि मोठ्या मुली दप्तर उचलून घरी जायच्या. कुणी सांगायचं नाही का जातात, आम्हा बायकांना विचारायची गरजही नव्हती. हजेरीपटावर सगळ्या हजर, त्यामुळे तपासणीला आलेल्या साहेबांना त्यात वावगं काही दिसायचं नाही. माझे गणिताचे तास वेळापत्रकात दुपारचे. अपूर्णांक, शेकडेवारी, सरळव्याज, सगळं अर्ध्या वर्गासमोर झालं. मग परीक्षेत मुली मागे पडल्या की शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणणारच, मुलींना गणित जमत नाही. मी भांडायचे. शेवटी मुख्याध्यापकांशी बोलून गणिताचा तास सकाळी पहिला घेतला. मग भाषेचा तास दुपारी गेला.

टाकीसाठी पत्र गेलं, मागून स्मरणपत्रं गेली. उत्तर आलं, ‘अंदाजपत्रकात तरतूद उपलब्ध झाल्यावर विचार करण्यात येईल.’ त्याच सुमारास आयुक्तांनी करवाढ सुचवली होती. पुढच्या वर्षाचे कराचे दर महापालिकेला २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात, त्यामुळे तो महिना दरवर्षी निवेदनं आणि मोर्च्यांचा. करवाढ फेटाळली गेली. विरोध करायला गेलेल्या शिष्टमंडळात आमचे दीर होते. संध्याकाळी पेढे घेऊन आले. “वहिनी, सामान्य माणसाला दिलासा मिळाला,” म्हणाले. त्यांचे दोन फ्लॅट आणि रस्त्यावरचा एक गाळा. मी पेढा घेतला नाही, आणि त्याचा राग त्यांनी बरीच वर्षं धरला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सातवीत जाणारी एक मुलगी आलीच नाही. अक्षर सुरेख, तोंडी हिशोबाला वर्गात सगळ्यात तयार. घरी गेले. आई चार घरची धुणीभांडी करून नुकतीच टेकली होती. म्हणाली, “बाई, पोर मोठी झाली आता. शाळेत पाणी आलं की पाठवते.” तिला शिक्षणाचं महत्त्व समजावून सांगायची गरज नव्हती. तिचं म्हणणं रास्त होतं. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली, एका हार्डवेअरवाल्याने टाकी खरेदीच्या भावात दिली, प्लंबरने मजुरी घेतली नाही. पण हे सगळं होईपर्यंत त्या मुलीच्या अंगवळणी घरकाम पडलं होतं आणि तिचं नाव पटावरून कमी झालं होतं.

ही गोष्ट मी घरी सांगितली तर दीर काय म्हणाले? “बघा, कर न वाढवता काम झालंच ना. लोकवर्गणीतून सगळं होतं.” आजही त्यांचा हाच मुद्दा आहे, फक्त लोकवर्गणीऐवजी आता ते सीएसआर म्हणतात, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी दिलेला पैसा.

होत नाही. टाकी एकदा बसते. मोटार जळते ती मात्र दर दोन-चार वर्षांनी. विजेचं बिल दर महिन्याला येतं आणि स्वच्छतागृह रोज धुवावं लागतं. देणगीतून कमान होते, रंगकाम होतं, संगणक येतात, उद्घाटनाला फोटो निघतो. रोज सकाळी संडास धुणाऱ्या माणसाचा पगार वर्षानुवर्षं देणारा देणगीदार मला नोकरीभरात भेटला नाही. आमची टाकी दोन पावसाळ्यांत शेवाळली, कारण ती साफ करणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली हे सगळं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे. त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ला संपली. कायदा दिल्लीत झाला तरी फिनेलची बाटली महापालिकेलाच आणायची असते, आणि जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ ला जीएसटी आला, तेव्हापासून महापालिकेच्या स्वतःच्या हातात राहिलेला मोठा कर मालमत्ता करच आहे. बाकी राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्यावर.

आमचे दीर स्वतः गावच्या जीवन शिक्षण मंदिरात शिकले. फी शून्य. ती शाळा जिल्हा परिषदेची, आणि शेतसाऱ्यावर जिल्हा परिषदेचा उपकर गावातला प्रत्येक खातेदार भरत होता. त्यात मूलबाळ नसलेलेही होते आणि ज्यांची मुलं तालुक्याला शिकायला ठेवलेली तेही. ‘माझं मूल या शाळेत नाही’ म्हणून त्यांनी सारा थकवला असता तर दीर आज गाळ्यात बसले नसते. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. उत्तर आलं नाही, विषय बदलला.

आणि हा वाद आपल्याकडे नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ ला इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे हेच मांडलं की सरकारचा महसूल येतो रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणाचा फायदा मिळतो वरच्या वर्गांना. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ ला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, त्यात नगरपालिकांना शिक्षणासाठी कर बसवायची मुभा होती आणि खर्चाचे दोन वाटे सरकारने, एक वाटा स्थानिक संस्थेने उचलायचा होता. ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ ला मोफत आणि सक्तीचं शिक्षण सुरू केलं. संस्थानाच्या मानाने तो बोजा लहान नव्हता. तिन्ही नावं आपल्या प्रत्येक भाषणात असतात. मग कराची वेळ आली की ती कुठे जातात?

तुम्ही म्हणाल, त्या शाळेत मुलं पाठवणारे कुठे कर भरतात? भरतात. झोपडीत किंवा चाळीत भाड्याने राहणारी बाई मालकाला भाडं देते, मालक त्यातूनच घरपट्टी भरतो. बिल तिच्या नावाने येत नाही एवढंच.

आता शिक्षण कराचं. बिल नीट वाचा. ‘राज्य शिक्षण कर’ असं लिहिलेली रक्कम १९६२ च्या कायद्याने लागते. महापालिका ती फक्त वसूल करते, पैसे जातात राज्याच्या तिजोरीत. तुमच्या कोपऱ्यावरच्या शाळेच्या नळाशी त्या पैशाचा थेट संबंध नाही. काही ठिकाणी, मुंबईत उदाहरणार्थ, महापालिकेचा स्वतःचा शिक्षण उपकरही वेगळा असतो. म्हणजे ‘आधीच भरतो’ हे तुमचं म्हणणं अर्धंच खरं आहे. त्या अर्ध्याचा जाब महापालिकेला विचारा, जरूर विचारा.

काही गोष्टी मलाही मान्य आहेत. सरसकट वाढ नको. एका खोलीत राहणारी विधवा आणि तीन फ्लॅट भाड्याने देणारा यांना एकच टक्केवारी लावणं अन्याय आहे. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना कर माफ झाला. मला एवढी सरसकट माफी पटत नाही, पण लहान घराला सवलत हवीच. दुसरं, नवीन कर लावण्याआधी जुनी थकबाकी वसूल करा. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लावायची आणि मग अभय योजना काढून ती माफ करायची, हा वेळेवर भरणाऱ्यांचा अपमान आहे. मी पेन्शनीतून पहिल्या महिन्यात भरते, म्हणून हे जास्त लागतं. तिसरं, वाढीव पैसा शहरभराच्या शाळांना मिळाला पाहिजे, ज्या भागात जास्त जमतो त्याच भागाला नव्हे. अमेरिकेत शाळा बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करावर चालतात आणि श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंतच राहते. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या गरीब वस्तीतले पालक याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७३ ला ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. आपण त्या वाटेने जायला नको.

तेव्हा हरकत नोंदवायचीच असेल तर ‘करवाढ रद्द करा’ असं लिहू नका. लिहा की वाढीव रक्कम वेगळ्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशोबाच्या वेगळ्या खात्यात, ठेवा. लिहा की त्यातला ठरावीक हिस्सा पाणी, सफाई आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवा आणि काम पूर्ण झाल्याची सही शाळा व्यवस्थापन समितीची घ्या. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या सदस्य बायका असतात, आणि नळाला पाणी येतं की नाही हे त्यांना अभियंत्यापेक्षा चांगलं माहीत असतं. सूचना-हरकतींची मुदत थोडी असते, अर्जाची पोच घ्या.

आणि तुमचा एखादा गाळा अजून निवासी म्हणून नोंदलेला असेल तर आधी ती नोंद दुरुस्त करून घ्या, मग हरकत लिहा. आमच्या दिरांनी ते अजून केलेलं नाही.