प्रोग्रॅमिंग येत नाही, तरी ओपन सोर्स प्रकल्पाच्या रिलीज नोट्स लिहिता येतील का?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात हिशेबाचं काम करता, लिब्रऑफिस रोज वापरता, कोड लिहिता येत नाही, पण नव्या आवृत्तीबरोबर येणाऱ्या रिलीज नोट्स लिहायला मदत करायची आहे. तर सुरुवात कुठून करू?

करता येईल. कोड लिहायची गरज नाही, पण गिटचा (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास वाचायला शिकावं लागेल. आणि एक गैरसमज आधीच काढून टाका. या कामात लिहिणं सगळ्यात कमी असतं. दोन आवृत्त्यांच्या मधल्या बदलांच्या ढिगातून वापरणाऱ्याला काय जाणवणार आहे ते निवडायचं, ते खरंच तसं चालतं का हे बघायचं आणि ज्याने बदल केला त्याच्याकडून राहिलेली माहिती काढायची, यातच बहुतेक वेळ जातो. लेजर आणि बँक स्टेटमेंट जुळवायची सवय असलेल्या माणसाला हे लवकर जमतं.

आधी प्रकल्पाची पद्धत बघा, कारण ती प्रत्येकाची वेगळी. लिब्रऑफिसच्या नोट्स विकीच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या, पानावर लिहिल्या जातात. रायटर, कॅल्क, इम्प्रेस असे विभाग असतात आणि एकेका नोंदीपाशी बग क्रमांक व बदल करणाऱ्याचं नाव असतं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात प्रत्येक बदलाबरोबर एक छोटी फाइल जोडायची असते आणि रिलीजच्या वेळी 'ब्लर्ब' हे साधन त्या एकत्र करतं. कोडच्या चाचण्या चालवणाऱ्या पायटेस्टमध्ये हेच काम 'टाउनक्रायर' करतं. तिथे फाइलच्या नावातच इश्यूचा (तक्रारीच्या किंवा मागणीच्या नोंदीचा) क्रमांक आणि बदलाचा प्रकार असतो. अशा शिस्तीच्या प्रकल्पात नवख्याने फक्त भाषा आणि अचूकपणा तपासावा. लहान प्रकल्पांत मात्र बऱ्याचदा गिटहबचं (प्रकल्पांचा कोड ठेवायच्या संकेतस्थळाचं) 'नोट्स आपोआप तयार करा' हे बटण दाबलेलं असतं आणि पुल रिक्वेस्टची (बदल स्वीकारा म्हणून केलेल्या विनंत्यांची) शीर्षकं जशीच्या तशी उतरलेली असतात. मागच्या दोन रिलीज उघडून बघा. नुसती शीर्षकं दिसली तर तिथे तुमची गरज आहे.

तुमच्यासाठी लिब्रऑफिसच बरं. वापर माहीत आहे, आणि वेळापत्रक ठरलेलं आहे: मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. २०२४ पासून आवृत्तीचा क्रमांकही वर्ष-महिन्यावरून असतो, जसं २४.२, २४.८, २५.२. त्यांच्या बगझिलात (बगच्या तक्रारींच्या यादीत) बग दुरुस्त झाला की 'टार्गेट' असा शेरा आवृत्तीच्या क्रमांकासह पडतो. तो शेरा शोधला की कच्ची यादी हातात येते. मग विकीच्या पानाशी ताडून काय राहिलंय ते काढा. फेब्रुवारीच्या आवृत्तीचं हे काम ऐन जानेवारीत येतं, म्हणजे इकडे सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला असतो तेव्हाच. वेळेचा हिशेब आधी करून ठेवा.

इतर प्रकल्पांत यादी गिटमधूनच काढावी लागते. आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या. क्लोन करताना (प्रकल्पाची प्रत उतरवताना) '--डेप्थ १' देऊ नका, त्याने इतिहासच कापला जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर '--फिल्टर=ब्लॉब:नन' द्या. सगळे कमिट (नोंदवलेले एकेक बदल) येतात, फाइलींचा मजकूर लागेल तेव्हाच उतरतो. मग 'गिट लॉग --वनलाइन --नो-मर्जेस', पुढे जुना टॅग (आवृत्तीवर लावलेली खूण), दोन टिंबं, नवा टॅग. म्हणजे जुन्यात नाहीत पण नव्यात आहेत ते कमिट. मर्ज कमिट (पुल रिक्वेस्ट मुख्य कोडमध्ये मिसळल्याची नोंद) ठेवणाऱ्या प्रकल्पात याऐवजी '--फर्स्ट-पेरेंट --मर्जेस' लावा, नाहीतर पुल रिक्वेस्टचे क्रमांक गायब होतात. निघालेलं सगळं कॅल्कमध्ये घ्या. रकाने पाच: कमिट, इश्यू, कोणाला जाणवेल, तपासलं का, मसुदा.

आता चाळणी. टेस्ट, बिल्ड, कोडची अंतर्गत आवराआवर, लायब्ररींची किरकोळ अद्ययावतता हे सगळं बाजूला काढा. बऱ्याच रिलीजमध्ये इथेच यादीचा मोठा भाग गळतो. उरलेल्यात फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, रिव्हर्ट, म्हणजे केलेला बदल मागे घेणं. एखादी सोय महिन्यापूर्वी घातली आणि मागच्या आठवड्यात काढली, तर लॉगमध्ये दोन्ही कमिट दिसतात. 'रिव्हर्ट' हा शब्द आधीच शोधा आणि जोडी खोडून टाका, नाहीतर नसलेली सोय जाहीर होते. दुसरी जागा बॅकपोर्टची (नवी दुरुस्ती जुन्या आवृत्तीतही देण्याची), आणि ती जास्त चकवते. मुख्य ब्रांचमधली (कोडच्या मुख्य शाखेतली) दुरुस्ती चेरी-पिक करून, म्हणजे तेवढाच कमिट उचलून, जुन्या आवृत्तीच्या २.३.१ मध्ये आधीच दिलेली असते. चेरी-पिक झालेल्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) वेगळा, म्हणून गिटच्या दृष्टीने तो वेगळाच कमिट, आणि २.४.० च्या यादीत तीच दुरुस्ती नवी म्हणून परत येते. यावर उपाय म्हणजे दोन टॅगच्या मध्ये दोनऐवजी तीन टिंबं, आणि सोबत '--चेरी-पिक --राइट-ओन्ली'. सारखाच फरक असलेले कमिट गिट गाळतं. पण बॅकपोर्ट करताना जुन्या-नव्या कोडमधला संघर्ष सोडवून कोड थोडा बदलला असेल तर फरक सारखा राहत नाही आणि तो कमिट चाळणीतून निसटतो. म्हणून मधल्या सगळ्या किरकोळ आवृत्त्यांच्या नोट्स शेजारी उघड्या ठेवाच. तिसरी जागा: कोड आहे, पण सोय मूळ स्थितीत बंद आहे. तशी सोय एकतर गाळा, किंवा ती कुठून चालू करायची ते लिहा.

वाक्य लिहिताना डोळ्यांपुढे एक माणूस ठेवा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कॅल्कवर मजुरीचा हिशेब ठेवणारा कारकून धरा. समजा, कमिटचं शीर्षक आहे 'एक्सपोर्ट फिल्टरमधला नल पॉइंटर दुरुस्त'. त्याला यातून काही कळणार नाही. कमिटवरून इश्यूवर जा, तिथे मूळ तक्रार सापडते. मग लिहा: 'लपवलेले कॉलम असलेली शीट पीडीएफ करताना प्रोग्रॅम बंद पडत असे, ते आता होत नाही.' कधी, काय करताना, काय व्हायचं, आता काय होतं. बिघाड कोडमध्ये कशामुळे होता हे लिहायची गरज नाही. आणि 'विविध सुधारणा व दुरुस्त्या' हे वाक्य कधीही लिहू नका, त्यातून कोणालाच काही मिळत नाही.

सगळ्यात वर नव्या सोयी नकोत. वर येतात ते जुनं काम मोडणारे बदल. समजा, सीएसव्ही उघडताना तारीख ओळखायची मूळ सेटिंग बदलली, तर ०५/०६ ही पाच जून की सहा मे हाच घोळ होतो, आणि तो जीएसटीच्या तारखेला लक्षात येतो. अशा नोंदीत तीन गोष्टी हव्याच: आधी कसं होतं, आता कसं आहे, जुनं वागणं हवं असेल तर काय करायचं. तिसरं उत्तर कमिटमध्ये बहुधा नसतं. ते बदल करणाऱ्याला विचारा, आणि प्रश्न नेमका ठेवा: 'जुन्या सेटिंग फाइली आपोआप बदलतात की हाताने बदलाव्या लागतात?' याला उत्तर येतं. 'जरा समजावून सांगाल का?' याला बहुतेक येत नाही.

भाषा बहुतेक ठिकाणी इंग्रजीच लागेल. तिचं दडपण घेऊ नका. लहान वाक्यं आणि मेनूतली नावं पडद्यावर दिसतात तशीच्या तशी, एवढं पुरतं. आपल्याकडची सरकारी परिपत्रकाची 'करण्यात आलेले आहे' छापाची सवय तेवढी बाहेर ठेवा.

प्रत्येक नोंद चालवून बघा. यासाठी रिलीज कँडिडेट, म्हणजे रिलीजच्या आधीची जवळजवळ अंतिम आवृत्ती, हवी. लिब्रऑफिसच्या आल्फा-बीटा (त्याआधीच्या चाचणी आवृत्त्या) वेगळ्या नावाने शेजारी बसतात, रिलीज कँडिडेट मात्र आधीच्या आवृत्तीच्या जागी बसते. म्हणून ऑफिसच्या संगणकावर ती घालू नका. दुसरा संगणक किंवा व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा वेगळा आभासी संगणक) वापरा, आणि तपासायला कामाच्या फाइलींची प्रत घ्या. नोंदीत लिहिलंय तसं झालं नाही तर नोंद थांबवा आणि इश्यूवर तसं कळवा. नुसत्या नोट्स तपासताना असे बग सापडतात, आणि ते रिलीजच्या आधी सापडलेले बरे.

सुरक्षेच्या दुरुस्त्यांना हात लावू नका. त्यांचा तपशील जाहीर करायची तारीख सुरक्षा गट ठरवतो. सीव्हीई क्रमांक (सुरक्षेतल्या त्रुटीचा ओळख क्रमांक) आणि मजकूर तेच देतील, तसाच चिकटवा.

आभाराची नावं 'गिट शॉर्टलॉग'ने निघतात, पण तो मूळ स्थितीत फक्त लेखक मोजतो. 'को-ऑथर्ड-बाय' म्हणून जोडलेली माणसं राहून जातात, आणि नाव दोन प्रकारे लिहिणारा माणूस दोनदा येऊ शकतो. अनुवाद आणि बगची तक्रार करणारे तर गिटमध्ये दिसतीलच असं नाही. त्यांची नावं वेगळी मागा.

मुदती बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात. सोलापुरात साडेपाच तास पुढे. 'शुक्रवार २३:५९' म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे ५:२९. मोकळी रात्र मिळते असं समजा, पण शंका विचारायला मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) तेव्हा जागा असेल याची खात्री नाही, म्हणून प्रश्न दोन दिवस आधी संपवा. अनुवादकांसाठी मजकूर गोठवण्याची वेगळी तारीख असेल तर तुमची खरी मुदत तीच.

आणि पहिला संपर्क. 'मला मदत करायची आहे, काय करू?' असा निरोप पाठवू नका, त्याने मेंटेनरचंच काम वाढतं. झालेल्याच एखाद्या रिलीजच्या पाच नोंदी निवडा, वर सांगितल्याप्रमाणे नव्याने लिहा, आणि जुना-नवा मजकूर शेजारी ठेवून पाठवा. सोबत दोन ओळी: पुढच्या रिलीजला मसुदा मी करू का, आणि अंतिम संमती कोण देतं. प्रकल्पाला 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ (हा मजकूर द्यायचा हक्क आपल्याला आहे अशी सही) लागत असेल तर कमिट करताना '-एस' (लहान लिपीतला) लावायला विसरू नका, नाहीतर मजकूर चांगला असूनही तपासणी अडते. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. तरीही आलं नाही तर दुसरा प्रकल्प बघा. रिलीजच्या तोंडावर तर विचारूच नका, सगळे घाईत असतात. रिलीज झाल्यावर पहिल्या आठवड्यात विचारा. तेव्हा नव्या तक्रारी येत असतात आणि 'माहीत असलेल्या अडचणी' हा भाग रोज अद्ययावत ठेवायला कोणाला तरी बसवायचंच असतं. तिथे भर घालताना जुनी ओळ गुपचूप बदलू नका, खाली तारीख टाकून नवी ओळ जोडा.