लोखंडाचा कण आणि एमआरआय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत बरीच वर्षे फेटलिंगचे (ओतीव भागांवरचे जादा लोखंड छिन्नी-ग्राइंडरने काढण्याचे) काम करतो. कंबरेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला. तिथल्या अर्जात ‘डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?’ असे विचारले होते. मी ‘हो’ लिहिताच तपासणी थांबवून मला आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून आणायला सांगितले. कण तर सोबतच्या कामगाराने रुमालाच्या टोकाने तेव्हाच काढला होता. कंबरेच्या तपासणीचा डोळ्यांशी काय संबंध? हा उगाच खर्चात पाडण्याचा प्रकार नाही ना? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण ‘हो’ लिहिलेत हे योग्यच केले आणि केंद्रानेही योग्य तेच सांगितले आहे. रुग्णालयांत सर्रास आढळणाऱ्या एमआरआय यंत्राचे चुंबकक्षेत्र दीड किंवा तीन टेस्ला (चुंबकक्षेत्र मोजण्याचे एकक) असते. त्यातले दीड टेस्लाचे क्षेत्रसुद्धा पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट भरते. अशा क्षेत्रात लोखंडाचा कण दोन प्रकारे हलू शकतो : एक तर तो चुंबकाकडे ओढला जातो आणि दुसरे म्हणजे, तो लांबट असेल तर क्षेत्राच्या दिशेने वळू पाहतो. शरीरातल्या मांसल भागात रुतलेल्या कणाभोवती काही काळाने तंतूंचे घट्ट आवरण तयार होते आणि ते त्याला जागीच धरून ठेवते. डोळ्याच्या आत मात्र पारदर्शक, जेलीसारखा द्रव असतो. तिथे कणाला पुरेशी पकड मिळेलच असे नाही, आणि नेत्रपटल (डोळ्याचा मागचा पडदा, रेटिना) तर अगदी लगतच असते.

कंबरेचा संबंध असा. रुग्णाला यंत्राच्या ज्या नळीत सरकवतात तिच्या मध्यावर कंबर आणली की डोके बहुधा नळीच्या तोंडाजवळ येते. ओढण्याचे बळ क्षेत्र किती जोरदार आहे यावर जसे अवलंबून असते तसेच ते क्षेत्र किती झपाट्याने बदलते यावरही असते, आणि हा बदल नळीच्या तोंडाशीच सर्वांत तीव्र असतो. त्यामुळे तपासणी दुसऱ्याच अवयवाची असली तरी बहुधा डोळे या पट्ट्यात येतात किंवा त्यातून जातात.

ही भीती निव्वळ कल्पनेतली नाही. १९८६ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात पत्र्याचे काम केलेल्या एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध झाली. त्याच्या डोळ्यात सुमारे २ बाय ३.५ मिलिमीटरचा लोखंडी तुकडा राहून गेला होता आणि त्याची कोणालाच कल्पना नव्हती. एमआरआयच्या वेळी तो हलला, डोळ्यात रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. ते यंत्र अवघ्या ०.३५ टेस्लाचे होते. अशा नोंदलेल्या घटना अत्यंत थोड्या आहेत, हे सांगितलेच पाहिजे. पण त्या थोड्या राहण्यामागे आपल्याला विचारलेल्या त्या एका प्रश्नाचा मोठा वाटा आहे.

आता रुमालाविषयी. बुबुळाच्या पृष्ठभागावर चिकटलेला कण खुपतो, डोळा लाल होतो, पाणी येते, म्हणून तो लक्षात राहतो. वेगाने आलेली बारीक, धारदार कपची मात्र क्षणभर टोचून आत शिरते. जखम इतकी लहान असते की ती आपली आपण मिटते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. हातोड्याचे घाव खाऊन छिन्नीचे डोके छत्रीसारखे पसरलेले आपण रोज पाहत असाल. त्या पसरलेल्या कडेवरून उडणारी कपची हे डोळ्याच्या आत लोखंड जाण्याचे फार नेहमीचे कारण आहे. (ती कड वेळच्या वेळी ग्राइंडरवर घासून काढण्याचा नियम जवळपास प्रत्येक कारखान्यात असतो, तो पाळला जाणारे कारखाने किती, हे वाचकांनीच सांगावे.) रुमालाने जे निघाले ते वरचे होते. आत काही गेले नव्हते ना, हे रुमालाला कळत नाही.

नेत्रतज्ज्ञांनी त्या वेळी डोळा तपासून ‘सर्व कण निघाला, आत काही नाही’ असे सांगितले असते, तर अनेक केंद्रांनी तेवढ्यावर आपल्याला पुढे जाऊ दिले असते. तशी तपासणी झालेली नसल्यामुळे एक्स-रे हाच सरळ मार्ग आहे. यात डोळ्यांच्या खोबणीची बहुधा दोन चित्रे घेतात, आणि पुष्कळदा एकदा नजर वर व एकदा खाली ठेवायला सांगतात. दिसलेला ठिपका नजरेबरोबर सरकला तर तो नेत्रगोलातच असण्याची शक्यता बळावते. किरणोत्सर्ग अगदी कमी असतो. पूर्वी काही कारणाने डोक्याचा सीटी स्कॅन झालेला असेल आणि त्यानंतर नवी इजा झाली नसेल, तर ती फिल्म दाखवा. एक्स-रेची गरज बहुधा पडणार नाही. आता एक्स-रे काढलात तर तो अहवाल जपून ठेवा. पुन्हा कण जाईपर्यंत तो उपयोगी पडतो.

कण दिसलाच तर एमआरआय तूर्त होणार नाही. आधी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे लागेल, कारण डोळ्यात राहिलेले लोखंड गंजत जाऊन नेत्रपटलाला हळूहळू इजा करते आणि त्याला एमआरआयची वाट पाहावी लागत नाही. कंबरेसाठी सीटी स्कॅनने भागेल का, हे आपले डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : आम्ही हुपरीत पिढ्यान्‌पिढ्या चांदीकाम करतो. चांदीला चुंबक ओढत नाही, म्हणून मी अर्जात ‘धातूकाम करत नाही’ असे लिहिले. चालेल ना? — एक वाचक, हुपरी

उत्तर : चालणार नाही. चांदी, तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम यांना चुंबक ओढत नाही हे खरे आहे. पण डोळ्यात उडणारा कण दागिन्याचाच असतो असे नाही. तो ठशाचा, छिन्नीचा, कानशीचा असू शकतो, आणि ही सगळी हत्यारे पोलादाची असतात. स्टेनलेस स्टीलबाबतही असाच घोटाळा होतो : त्याच्या काही जाती चुंबकाला मुळीच दाद देत नाहीत, काही चांगल्याच चिकटतात, आणि न चिकटणारीही ठोकून-वाकवून थोडीफार चुंबकीय होऊ शकते. तेव्हा धातू कोणता याचा निवाडा अर्ज भरताना स्वतः करू नये. काम काय करता ते लिहावे आणि डोळ्याला इजा झाली असल्यास तीही लिहावी. इजा कधीच झाली नसेल, तर केवळ व्यवसायामुळे एक्स-रे काढावाच लागेल असे नाही.

प्रश्न : माझे यजमान टर्नर (लेथ यंत्रावर धातू कातणारे) आहेत. पाळी संपवून ते थेट तपासणीला गेले, तर त्यांना बूट-मोज्यांसकट सगळे कपडे बदलायला लावले. खिसे रिकामे केल्यावरही एवढे कशाला? — एक वाचक, पिंपरी

उत्तर : लेथवरची चूर पँटच्या दुमडीत, बुटाच्या तळाच्या खाचांत आणि केसांतही बसते. ती यंत्राला चिकटली तर चित्र बिघडते आणि ती काढणे जिकिरीचे असते. सुरक्षा-बुटांच्या टोकाला तर बहुधा पोलादी टोपीच असते. शक्य असेल तर घरी येऊन डोक्यावरून अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जाणे उत्तम.

प्रश्न : मी फॅब्रिकेशनची कामे घेतो. एका रुग्णालयाने एमआरआयच्या खोलीतील छताची चौकट दुरुस्त करायला बोलावले आहे. रविवारी यंत्र बंद असते, तेव्हा काम उरकावे असा विचार आहे. काही काळजी घ्यावी लागेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : रविवारी तपासण्या बंद असतात, चुंबक बंद नसतो. बहुतेक यंत्रांतील चुंबक अतिवाहक (विजेला जराही अडथळा न करणाऱ्या) तारांचा असतो. द्रवरूप हेलियमने सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसला थंड ठेवलेल्या त्या तारांतून वीज अखंड फिरत राहते, आणि इमारतीची वीज गेली तरी क्षेत्र तसेच राहते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन या खोलीत शिरलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला. आपली लोखंडी शिडी, ग्राइंडर किंवा पान्याची पेटी याच जातीच्या वस्तू आहेत.

भिंतीवरचे आपत्कालीन बटण हे ‘बंद’चे बटण समजू नये. ते दाबल्यावर हेलियम उकळून वायू होतो, कित्येक शे पटींनी फुगतो, आणि बाहेर जाणारी नळी तुंबली असेल तर खोलीतला ऑक्सिजन हटवून माणसांना गुदमरवू शकतो. म्हणून काम स्वीकारण्यापूर्वी रुग्णालयाकडून यंत्र बसवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याची लेखी परवानगी मागा. काम मोठे असेल तर चुंबकाचे क्षेत्र रीतसर उतरवून मगच करावे लागते. लहान असेल तर ॲल्युमिनियमची शिडी आणि चुंबकाला न ओढली जाणारी हत्यारे वापरून, केंद्रातील जबाबदार तंत्रज्ञ खोलीत हजर असतानाच करावे. कापणे, घासणे आणि वेल्डिंग बाहेर आटोपून तयार भागच आत न्यावा, आणि तोही त्या तंत्रज्ञाने तपासून ‘न्या’ म्हटल्यावर. आपल्या कोणा कामगाराला पेसमेकर असेल तर त्याला त्या दिवशी सोबत आणू नये.