‘किरणोत्सर्गाने सुकवलेला लेप’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करताना ‘रेडिएशन क्युअर्ड कोटिंग’साठी ‘किरणोत्सर्गाने सुकवलेला लेप’ चालेल का?

माझ्या मते नाही. ‘लेप’ ठेवा, बाकीचे दोन्ही शब्द बदला.

‘किरणोत्सर्ग’ हा शब्द मराठीत रेडियम, युरेनियमसारख्या द्रव्यांतून आपोआप बाहेर पडणाऱ्या किरणांसाठी रुळला आहे. इथे तसलं द्रव्य नसतंच. दिव्यातून येणारे अतिनील (यूव्ही) किरण असतात, म्हणजे जुन्या लेखनातले ‘जंबुपार’, किंवा इलेक्ट्रॉनांची शलाका. दोन्हींना सामावून घेणारा ‘प्रारण’ हा शब्द आपल्याकडे आहे. खोक्यावरच्या छपाईबद्दल ‘किरणोत्सर्ग’ वाचून गिऱ्हाईक उगाच घाबरेल.

‘सुकवणे’ मात्र त्याहून महागात पडेल. लाखेचं पॉलिश सुकतं तेव्हा त्यातलं स्पिरिट उडून जातं. मागे राहिलेली लाख पुन्हा स्पिरिटमध्ये विरघळते. यूव्ही लेपातून सहसा फारसं काही उडून जातच नाही. त्यात मिसळलेला प्रकाश-आरंभक (फोटोइनिशिएटर) किरण शोषून मुक्त मूलक, म्हणजे चटकन अभिक्रिया करणारे कण, तयार करतो, त्यामुळे अ‍ॅक्रिलेट या लेपातल्या मुख्य द्रव्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि बहुतेकदा सेकंदभरात पातळ द्रवाचं घट्ट जाळं होतं. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला बोळा घासला तरी ते सहजी निघत नाही. तपासणीची ही नेहमीची रीत.

पुस्तिकेत ‘लेप सुकला नसल्यास’ असं छापलं, तर कामगार पंखा लावून वाट बघत बसेल. त्याने काही साधत नाही. उलट हवेतला ऑक्सिजनच पृष्ठभागावरची अभिक्रिया अडवतो आणि लेप चिकट राहतो. खरं तर दिवा तपासून माल पुन्हा त्याखालून काढायला हवा, तोही हातमोजे घालून, कारण कच्च्या अ‍ॅक्रिलेटची त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते.

कच्चा आणि पक्का, हीच जोडी मला इथे योग्य वाटते. कच्ची वीट पाण्यात विरघळते, भाजलेली विरघळत नाही. पक्केपणाचा हा अर्थ मराठीत आधीच मुरलेला आहे. ‘थिजणे’, ‘गोठणे’ नकोत, कारण थिजलेलं ऊब मिळताच पातळ होतं. ‘बहुवारिकीकरण’ (पॉलिमरायझेशन) अचूक आहे, पण पुस्तिकेत ते कुणी वाचणार नाही.

वाक्यात घालून पाहा. ‘ऑप्टिकल फायबरच्या 125 मायक्रोमीटर जाड काचेवर आत मऊ आणि बाहेर कडक असे दोन लेप अतिनील किरणांनी पक्के केले, की जाडी सुमारे 250 मायक्रोमीटर होते.’ वाळूजच्या फायबर कारखान्यातल्या माणसाला हे वाक्य अडणार नाही. तिथे तोंडी ‘यूव्ही क्युअर’ किंवा छापखान्यात (छपाईच्या ठरावीक भागावरच दिलेल्या अशा लेपाला) ‘स्पॉट यूव्ही’ म्हणतात, ते खुशाल म्हणू द्या.

तेव्हा ‘प्रारणाने पक्का केलेला लेप’ असं लिहा. पुस्तिका फक्त यूव्ही दिव्याच्या यंत्राची असेल, तर ‘अतिनील किरणांनी’ म्हणणं अधिक नेमकं.